बाबांच्या गाडीची चिप आणि माझ्या गाडीचा रिमॅप

बाबांची गाडी १९८९ सालची बीएमडब्ल्यू ३२५आय, जाणकार जिला ई३० म्हणतात ती. अडीच लिटर, ओळीत सहा सिलिंडर, कागदावर १७० हॉर्सपॉवर. माझी रोजची गाडी दोन लिटरची टर्बो डिझेल, १४० हॉर्सपॉवर आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्कची. बाबांच्या गाडीची चिप बदलली, म्हणजे इंजिन कसं चालवायचं याचा हिशेब जिच्यात लिहिलेला असतो ती. माझ्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लॅपटॉप लावून नव्याने प्रोग्राम केला, त्यालाच रिमॅप म्हणतात. दोन्ही कामं एकाच ट्यूनरने, म्हणजे इंजिनचा हा हिशेब बदलून देणाऱ्याने, केली. बाबांच्या गाडीचं काम मात्र त्याच्याकडे जाण्याआधी एकदा बिघडवून झालं होतं. आता ओळखीतलं कोणी विचारतं, ‘चिप घालू की रिमॅप करू?’, तर मी आधी विचारते, गाडी कुठल्या सालची?

कारण बहुतेक वेळा ही निवड आपल्या हातात नसतेच, ती गाडीच्या वयाने आधीच केलेली असते. बॉशने १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये मोट्रॉनिक नावाचा ईसीयू दिला तेव्हा ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल किती सोडायचं, हे दोन्ही निर्णय एकाच डब्याकडे गेले. पुढची बरीच वर्षं हा सगळा हिशेब ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असायचा. ईप्रॉम गाडीत बसलेली असताना पुसताही येत नाही आणि तिच्यावर लिहिताही येत नाही. हिशेब बदलायचा तर चिपच काढून दुसरी बसवायची. मग फ्लॅश मेमरी आली, तिच्यावर नुसत्या वायरीवरून पुसता-लिहिता येतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतले बिघाड बाहेरून वाचायची ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. स्टिअरिंगखालचा तो सोळा पिनांचा सॉकेट तेव्हापासून घरोघरच्या गाड्यांत आला आणि ट्यूनरला प्रत्येक वेळी डबा उघडायची गरज राहिली नाही.

माझ्या डिझेलमध्ये बॉशचा ईडीसी१७ हा ईसीयू आहे. त्यात काढून बदलावी अशी वेगळी चिपच नाही, प्रोग्राम प्रोसेसरच्या पोटातल्या फ्लॅशमध्येच असतो. त्यामुळे अशा गाडीला कोणी ‘चिप बसवून देतो’ म्हणाला, तर एक तर तो रिमॅपलाच सवयीने चिप म्हणतोय, किंवा सेन्सरच्या वायरीत मध्ये जोडायचा डबा विकतोय. त्या डब्याबद्दल पुढे लिहिते.

आधी बाबांची गाडी.

पहिली चिप आम्ही तयार विकत घेतली. छोट्या पाकिटात आली, सोबत एक पानाची सूचना. बसवणाऱ्याने अर्ध्या तासात बसवून दिली. पहिल्या दिवशी गाडी खरंच तरतरीत वाटली, पेडलला पाय लावताच उत्तर देत होती. तिसऱ्या दिवशी चढावर चौथ्या गिअरमध्ये मी पेडल पूर्ण दाबलं आणि बाजूला बसलेले बाबा म्हणाले, ‘पाय काढ. लगेच काढ.’ मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी खिडकी खाली केली आणि तोच चढ पुन्हा घ्यायला लावला. मग मलाही ऐकू आलं, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा कोरडा, बारीक खडखडाट. नॉकिंग.

नॉकिंग म्हणजे ठिणगीने लावलेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकणं. ठिणगी जितकी आधी टाकाल तितका दाब वाढतो, ताकदही काही अंशापर्यंत वाढते, आणि त्यापुढे हे सुरू होतं. नव्या गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो खडखडाट टिपतो आणि ईसीयू क्षणात टायमिंग मागे घेतो. बाबांच्या गाडीच्या इंजिनला, बीएमडब्ल्यूच्या एम२०ला, नॉक सेन्सर नाही. चिपमध्ये जे लिहिलंय ते हा ईसीयू डोळे झाकून पाळतो. इंजिन ठोके खातंय हे त्याला कधीच कळत नाही, ते चालवणाऱ्याच्या कानालाच कळायला हवं. बाबांचा कान नसता तर आम्ही पिस्टन गमावले असते. ती चिप ९८ ऑक्टेन पेट्रोलसाठी लिहिलेली होती (हा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल नॉकिंगला उशिरा बळी पडतं). आम्ही ९५ भरत होतो, आणि विकणाऱ्याने हे विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. मला या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. ज्या इंजिनाला कान नाहीत त्याच्यासाठी चिप विकताना, पेट्रोल कुठलं भरता, एवढा एक प्रश्न विचारायलाच हवा होता.

बाबांनी त्याच संध्याकाळी मूळ चिप परत बसवली. चिपच्या पद्धतीचा मोठा गुण इथे दिसला. लॅपटॉप नको, इंटरनेट नको, कोणाची परवानगी नको. ग्लव्हबॉक्सच्या वरचं पॅनल सोडवायचं, ५५ पिनांचा कनेक्टर काढायचा, डबा उघडायचा, आणि गाडी होती तशी.

मग एका ओळखीच्या मेकॅनिकने या ट्यूनरचं नाव सांगितलं. तो वयाने माझ्याहून थोडा मोठा असेल, बाबांना काका म्हणतो, मला ताई, आणि मी त्याला दादा. त्याने आधी दोन्ही चिपा रीडरमध्ये घालून वाचल्या. २७सी२५६ ही चिप ३२ किलोबाइटची, म्हणजे आजच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान. त्याने दोन्ही फाइली स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावल्या आणि फरक रंगवून दाखवला. मॅप म्हणजे एक तक्ता असतो, आडव्या बाजूला इंजिनचे फेरे, उभ्या बाजूला इंजिनवरचा भार, आणि प्रत्येक घरात एक आकडा. विकतच्या चिपमध्ये टायमिंगच्या तक्त्यातली जवळजवळ सगळी घरं सरसकट सारख्याच आकड्याने वाढवलेली होती. जिथे हे इंजिन सहन करू शकतं तिथेही तेवढंच आणि जिथे आधीच काठावर आहे तिथेही तेवढंच. ‘हे कोणत्याही गाडीवर न बसता लिहिलंय,’ तो म्हणाला.

नवी चिप लिहून द्या, असं आम्ही म्हटलं तर तो चिपकडे वळेचना. बोनेट उघडून एअर फ्लो मीटर सोडवून त्याने टेबलावर घेतला. या गाडीत हवा मोजायला एक झडप असते, आत येणारी हवा तिला ढकलते आणि झडप जितकी उघडेल तितका व्होल्टेज वाढतो. त्याने मीटरला पुरवठा दिला, मल्टिमीटर जोडला आणि बोटाने झडप अगदी सावकाश उघडू लागला. आकडा हळूहळू चढला, मध्येच गचकन पडला, पुन्हा चढला. पुन्हा करून दाखवलं, त्याच जागी पुन्हा पडला. आतल्या कार्बनच्या पट्टीवर तीस वर्षं एकाच जागी घासून चर पडला होता, आणि तो चर बरोबर आपण नेहमी ज्या वेगाने गाडी चालवतो त्या जागेवर होता. मी ते दृश्य विसरणार नाही. आम्ही इतकी वर्षं ‘वय झालं गाडीचं’ म्हणत होतो, आणि गाडीला हवा किती येतेय हेच नीट कळत नव्हतं.

मीटर बदलला, पेट्रोल फिल्टर बदलला, आणि मग डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, घेतली. माझ्या मते या परीक्षणातले सगळ्यात कामाचे आकडे हे आहेत. आली तेव्हा गाडी १५८ हॉर्सपॉवर देत होती. दुरुस्तीनंतर मूळ चिपवरच १६९. नव्या चिपवर १७५. म्हणजे वाढलेल्या सतरातल्या अकरा दुरुस्तीच्या आणि सहा चिपच्या. टर्बो नसलेल्या इंजिनात इतकंच मिळतं, कारण हवा आत ओढायची ताकद पिस्टनचीच. ईसीयू जास्त हवा निर्माण करू शकत नाही, आहे ती हवा जास्त नीट जाळू शकतो. टर्बो नसलेल्या गाडीला नुसत्या चिपने वीस-पंचवीस टक्के वाढवून देतो असं कोणी सांगत असेल तर तिथून निघावं.

पण सहा हॉर्सपॉवरसाठी ही चिप घेतली का, असं विचाराल तर माझं उत्तर आहे की घ्यावीच. हा शेंड्याचा आकडा झाला, चालवताना फरक मधल्या पट्ट्यात कळतो. त्याने एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) बसवला, लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि मला तोच तो चढ सात-आठ वेळा घ्यायला लावला. या गाडीत पेडल पूर्ण दाबलं की थ्रॉटलच्या टोकाला एक स्विच लागतो आणि ईसीयू लॅम्ब्डा सेन्सरचं ऐकणं सोडून वेगळ्या तक्त्यावर जातो. एरवी तो हवा आणि पेट्रोल १४.७ ला १ या प्रमाणाभोवती राखतो. पूर्ण दाबल्यावर मिश्रण जरा दाट लागतं, साडेबारा-तेराच्या आसपास. आमच्या गाडीचं काही फेऱ्यांवर नको इतकं दाट होतं, वर जाऊन पातळ. त्याने घर-घर बघून ते सारखं केलं. टायमिंग फक्त तिथे वाढवलं जिथे ९५ वर इंजिन निवांत होतं, आणि चढाचा जो भाग आम्हाला ठोके देत होता तिथे मूळ आकड्यालाही हात लावला नाही. आयडलचा आणि सावकाश चालवायचा भाग तसाच ठेवला, त्यामुळे धुराच्या तपासणीतले आकडे जिथल्या तिथे राहिले.

चिप लिहिताना मी समोर उभी होते. सिरॅमिकची राखाडी पट्टी, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय, आणि पाठीवर मधोमध क्वार्ट्झची गोल खिडकी. खिडकीतून आतला सिलिकॉनचा चौकोन दिसतो आणि कडेने केसासारख्या तारा. एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून बघावं तसं वाटलं. अतिनील दिव्याखाली वीस मिनिटं ठेवली की या खिडकीतून जाणारा प्रकाश आतलं सगळं पुसतो. पुसल्यावर प्रत्येक बिट एक होतो, आणि लिहायचं म्हणजे हव्या त्या जागी शून्य करायचं. लिहून झाल्यावर त्याने खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावला, नाहीतर उन्हात राहून आतला मजकूर वर्षानुवर्षांत हळूहळू विरत जाऊ शकतो. नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात. ते त्याने टेबलावर टेकवून एकेका बाजूने हलकेच आत घेतले, अर्धगोल खाच सॉकेटच्या खाचेकडे आहे ना ते दोनदा बघितलं (उलटी बसली तर चिप जळते), आणि अंगठ्याने एकदाच दाबून बसवली. मनगटाला अर्थिंगचा पट्टा होता. आमची पहिली चिप बसवणाऱ्याने यातलं काहीही केलं नव्हतं. त्याने सॉकेटजवळ स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याचा ओरखडा दादाने भिंग देऊन मला दाखवला.

आता माझी डिझेल.

मला वेग नको होता. गाडीत सगळे बसलेले, डिकी भरलेली, समोर ट्रक, आणि १५०० फेऱ्यांवरून दाबलं की टर्बो जागा होईपर्यंतचा तो रिकामा क्षण, तेवढा जायला हवा होता. दादाने पहिल्या दिवशी नुसते लॉग, म्हणजे गाडी चालत असताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घेतले. टर्बोला किती दाब मागितला आणि किती मिळाला, प्रत्येक इंजेक्टरला ईसीयू किती दुरुस्ती देतोय, डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी किती. सगळं जागेवर आहे बघूनच तारीख दिली. मागितलेला आणि मिळालेला दाब जुळत नसता तर रिमॅप केलाच नसता, असं त्याने स्वच्छ सांगितलं, आणि बाबांच्या गाडीचा अनुभव असल्यामुळे मी ते लगेच मानलं.

माझ्या ईसीयूवर ओबीडीवरून लिहिता येत होतं, पण आतलं सगळंच्या सगळं वाचून घेता येत नव्हतं. घाईतले लोक अशा वेळी ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर बघून तशीच दुसऱ्या कोणाची मूळ फाइल संग्रहातून घेतात आणि तिच्यावर काम करतात. दादाने डबा बाहेर काढून टेबलावर वाचला. दोन मेगाबाइटची फाइल, बाबांच्या चिपच्या चौसष्ट पट. वाचल्या-वाचल्या त्याची एक प्रत मला पेन ड्राइव्हवर दिली. ही फाइल मागून घ्यायलाच हवी. तीच तुमची मूळ चिप.

डिझेलच्या या ईसीयूत पेडल म्हणजे टॉर्कची मागणी. पेडलने मागितलं की ती मागणी एकामागून एक चाळण्यांतून जाते. गिअरबॉक्सची मर्यादा, धुराची मर्यादा (या हवेत इतकंच डिझेल जळेल, जास्त टाकलं तर काजळी), टर्बोच्या दाबाची मर्यादा, रेलमधल्या, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या, दाबाची. एकच चाळणी मोठी केली तर पुढची अडवते, गाडी तशीच राहते. म्हणून नीट रिमॅपमध्ये बरेच तक्ते एकमेकांशी मेळ घालून बदलावे लागतात, आणि शेवटी चेकसम, म्हणजे फाइल धड आहे का हे पडताळायचा आकडा, जुळवावा लागतो. तो चुकला तर ईसीयू ती फाइल स्वीकारत नाही किंवा गाडी सुरूच होत नाही.

प्रत्यक्ष लिहायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत मी घाबरले होते. बॅटरीला सपोर्ट युनिट जोडून व्होल्टेज साडेतेरावर धरलं होतं, लॅपटॉप चार्जरवर, दिवे, एसी, म्युझिक सगळं बंद. ‘ताई, आता दार उघडायचं नाही,’ एवढंच तो बोलला. डॅशबोर्डवरचे सगळे इशारे एकदम पेटले, आणि ईसीयू गप्प झाल्यामुळे रेडिएटरचा पंखा स्वतःहून पूर्ण वेगाने घोंघावू लागला. त्या आवाजात टक्केवारीची पट्टी सरकताना बघत बसायचं. मध्येच वीज तुटली तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. बहुतेक वेळा तो डबा उघडून परत उठवता येतो, पण गाडी तोवर जागची हलत नाही. बॅटरीला आधार न देता, रस्त्याच्या कडेला उभं राहून दहा मिनिटांत करून देणाऱ्यांकडे मी गाडी देणार नाही. चिप बदलताना ही धास्ती नव्हती, तिथे धास्ती पाय वाकण्याची.

डायनोवर आधी १४३ हॉर्सपॉवर आणि ३२६ न्यूटन-मीटर, नंतर १६८ आणि ३८४. टर्बो असल्यामुळे इथे खरोखर जास्त हवा देता येते, म्हणून हा फरक. रस्त्यावर तो रिकामा क्षण पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून जास्त कमी झाला. चढावर जिथे मी तिसरा टाकायचे तिथे आता चौथ्यावर निघते.

आणि तीन आठवड्यांनी क्लच सरकायला लागला. सहाव्या गिअरमध्ये २००० वर दाबलं की फेरे एकदम चढायचे आणि गाडी तिथेच. क्लच गाडीबरोबर आलेला, बऱ्यापैकी झिजलेला, आणि त्याच्यावर ३८४ न्यूटन-मीटरचा भार पडला. याबद्दल माझी दादाकडे तक्रार आहे आणि ती मी त्याला तोंडावर सांगितली. इंजेक्टर तपासलेस, टर्बो तपासलास, मग क्लचचं वय का विचारलं नाहीस? चूक त्याने कबूल केली. त्याच दुपारी १७०० ते २३०० फेऱ्यांमधला टॉर्क खाली आणून फाइल पुन्हा लिहिली, आता शेंडा ३५२ वर आहे आणि क्लच धरतो. रिमॅपचा मोठा फायदा मला इथे जाणवला. चिप असती तर पुसा, लिहा, डबा उघडा, बसवा, पुन्हा रस्त्यावर न्या. इथे चहा गार होण्याआधी काम झालं.

ॲव्हरेजबद्दल सगळेच विचारतात. गाडीतल्या स्क्रीनवर माझं ॲव्हरेज चांगलं दीड किलोमीटरने वाढलेलं दिसत होतं. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ती स्क्रीन पंपावरचं डिझेल मोजत नाही, ईसीयूने इंजेक्टरला जेवढं सोडायला सांगितलं त्यावरून हिशेब करते, आणि रिमॅपमध्ये इंजेक्शनच्या वेळेचे तक्ते बदलले असतील तर तो हिशेब चुकतो. मी पाच वेळा टाकी काठोकाठ भरून मोजलं. आधी लिटरला १८ किलोमीटर, आता साडेअठरा. कारण बहुधा माझे गिअर कमी बदलणं.

डब्याबद्दल. माझ्या मैत्रिणीने तिच्या डिझेलला तो लावला होता. रेलच्या दाबाच्या सेन्सरची वायर सोडवून मध्ये डबा जोडायचा. खरा दाब १६०० बार असला तर डबा ईसीयूला १४५० सांगतो, ईसीयूला वाटतं कमी पडतोय, तो पंपाला आणखी दाबायला लावतो, आणि जास्त डिझेल आत जातं. गाडी जोर धरते, मागून काळा धूर येतो, डीपीएफ लवकर भरतो. ईसीयूला खोटं सांगून काम काढून घ्यायचं, आणि त्याने स्वतःच्या संरक्षणासाठी लावलेल्या चाळण्या या खोट्या आकड्यावर चालवायच्या, हे मला पटत नाही. सर्व्हिसला जाताना दोन मिनिटांत काढता येतो हा त्याचा एकच गुण.

डीपीएफ आणि ईजीआर (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारी सोय) सॉफ्टवेअरमधून बंद करून मिळतात का, हे मी दादाला मुद्दाम विचारलं. ‘नाही करत,’ तो म्हणाला आणि विषय संपवला. मला त्याच्याबद्दल त्या क्षणी सगळ्यात जास्त आदर वाटला. डब्यातल्या काही ओळींनी केवढं होतं हे जगाने बघितलंय. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली, तेव्हा उघड झालं की चाचणी चालू आहे हे ईसीयू ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा. जगभरातल्या जवळपास एक कोटी दहा लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं. युरोपात त्यातल्या दोन लिटरच्या इंजिनांवरचा उपायही नवं सॉफ्टवेअर एवढाच होता. डीपीएफने अडवलेली काजळी रस्त्याने चालणाऱ्या पोरांच्या छातीत जाऊ नये म्हणून ती चाळणी आहे. ती बंद करून मिळवलेले हॉर्सपॉवर मला नकोत.

रिमॅपची एक गैरसोय मला उशिरा कळली. वर्षाच्या सर्व्हिसला गाडी दिली, तिथे त्यांनी न विचारता ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, आणि घरी येताना पहिल्याच चढावर तो जुना रिकामा क्षण परत आला. रिमॅप पुसला गेला होता. दादाने नव्या मूळ फाइलवर तेच बदल पुन्हा बसवून दिले, पण ती जुनीच फाइल टाकून चालली नसती, कारण अपडेटनंतर तक्त्यांच्या जागा सरकलेल्या असू शकतात. आता सर्व्हिसला देताना जॉबकार्डवरच लिहून घेते, सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हेही धरून चाला की फाइल किती वेळा लिहिली गेली याची नोंद ईसीयूत राहू शकते. मूळ फाइल परत टाकली तरी ती नोंद जात नाही. विमा कंपनीला मी बदल कळवून ठेवला आहे.

बाबांच्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. कोणी सॉकेट लावून तिचा हिशेब बदलू शकत नाही. बाबांना हे फार आवडतं. मूळ चिप त्यांनी काळ्या फोममध्ये पाय रोवून जुन्या चष्म्याच्या घरात ठेवली आहे, घरावर तारीख आणि ‘९५ वर मूळ’ असं लिहून. विकतची ती चिप मात्र त्यांनी ठेवली नाही. दादाने ती त्याच्या दिव्याखाली पुसली, आणि आमची आताची दुसरी सुटी प्रत तिच्यावरच लिहून दिली.

माझा नवा क्लच पुढच्या महिन्यात बसतोय. तो हजार-दीड हजार किलोमीटर रुळला की ३५२ पुन्हा वर न्यायचं ठरलं आहे, या वेळी एकदम नाही. दादाने सांगून ठेवलंय, आधी मीच लॉग घेऊन यायचे: सपाट रस्ता, चौथा गिअर, १५०० पासून ४००० पर्यंत, पेडल पूर्ण, असे तीन. बाबा शेजारी बसणार आहेत, खिडकी खाली करून.